मीटर नवं, गाडी जुनी: डॅशबोर्ड बदलल्यावर दुचाकीचं रीडिंग नीट कसं लावून घ्यायचं

"लोक आकडा कमी करून घ्यायला येतात. वाढवून मागणारे तुम्हीच."

पुण्यात नाना पेठेत, दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत, एका मीटर दुरुस्तीवाल्यानं मला हे ऐकवलं आणि डोळ्याचं भिंग कपाळावर सारून माझ्याकडं नीट बघून घेतलं. माझ्या हातात नवं कोरं मीटर होतं, त्यावर शून्य. गाडी मात्र बेचाळीस हजारांच्या पुढं पळालेली. मला तो शून्य नको होता.

ऑइल, चेन-स्प्रॉकेट, टॅपेट सेटिंग, ब्रेक शू हे सगळं मी किलोमीटर बघून करतो. ते हिशेब शून्यापासून सुरू झाले की विस्कटतात. शिवाय उद्या गाडी विकायला काढली आणि आठ वर्षांच्या गाडीवर तीन हजार किलोमीटर दिसले, तर शहाणं गिऱ्हाईक खूश होणार नाही, पळून जाईल. त्यानं पळायलाच हवं.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. आपल्याकडं मायलेज म्हटलं की 'लिटरला किती देते' हाच अर्थ निघतो. इथं आपण बोलतोय ते गाडी एकूण किती फिरली त्या आकड्याबद्दल, म्हणजे ओडोमीटरबद्दल. मेकॅनिक त्याला रीडिंग म्हणतात, एजंट लोक रनिंग म्हणतात. मी रीडिंगच म्हणतो.

मीटर खरंच गेलंय का?

निम्म्या वेळा मीटर ठणठणीत असतं आणि आपण हजारो रुपयांचा कन्सोल बदलून बसतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी लक्षणं बघा.

काट्याचं मीटर असेल आणि वेगाचा काटा व किलोमीटर दोन्ही एकदम थांबले असतील, तर बहुतेक केबल तुटलेली असते, नाहीतर पुढच्या चाकाच्या हबमधला वर्म, म्हणजे केबल फिरवणारा गियर, झिजलेला असतो. केबल मीटरच्या बाजूनं सोडा, पुढचं चाक उचलून हातानं फिरवा. केबलचं चौकोनी टोक फिरत नसेल तर दोष खालीच आहे, शे-दोनशेत काम होतं. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलेली किंवा कुठंतरी मुडपलेली असते. काटा व्यवस्थित चालतो आणि फक्त किलोमीटर अडकलेत, असं असेल तरच मीटरच्या पोटातली प्लॅस्टिकची गियर गेलेली असते. तेव्हा मीटर उघडावं लागतं.

डिजिटल मीटरमध्ये स्क्रीन चालू आहे पण वेग शून्य दाखवतोय, तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर तपासा. चिखल, उंदीर आणि टायरवाल्याची घाई, या तिघांपैकी कुणाचा तरी हात असतो. स्क्रीनच बंद असेल तर आधी फ्यूज, मग मीटरमागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा लावून बघा.

माझ्या बाबतीत पाण्यानं घात केला. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट मीटरवर धरला गेला आणि मी बाजूला चहा पीत बसलो होतो. आधी काचेच्या आत वाफ धरली, मग आकड्यांच्या काड्या एकेक करून गळाल्या. आठचा सहा झाला, सहाचा पाच. एका संध्याकाळी सगळंच काळं. त्या पंधरा दिवसांत मी एक फोटो काढून ठेवायला हवा होता. काढला नाही.

जुनं मीटर काढण्याआधी

रीडिंग दिसतंय तोवर फोटो काढा. नुसत्या मीटरचा फोटो कुणाच्याही गाडीचा असू शकतो, म्हणून छोटासा व्हिडिओ घ्या: नंबर प्लेटपासून सुरुवात करून, कॅमेरा न थांबवता हँडलपर्यंत या, चावी चालू करा आणि आकडा स्थिर दिसेपर्यंत धरून ठेवा. वीस सेकंदांचं काम आहे. हा व्हिडिओ स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवला की तारीखही आपोआप नोंदली जाते.

काट्याच्या मीटरचा आकडा वाचताना एक चूक हमखास होते. सहा चाकं दिसत असतील आणि शेवटचं चाक वेगळ्या रंगाचं असेल, तर ते शंभर-शंभर मीटर मोजतं. म्हणजे ४२३७०६ दिसलं तर गाडी चार लाख नव्हे, ४२,३७०.६ किलोमीटर चाललीय. आणि पाचच पूर्ण आकडे असलेलं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं. वडिलांच्या काळातली गाडी असेल तर घरात विचारा, लाख एकदा उलटलाय का. त्यांना नक्की आठवत असतं.

अपघातात मीटर फुटलं असेल आणि विम्याचा दावा करायचा असेल, तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मीटरला हात लावू नका. दाव्याच्या कागदांत रीडिंग लागतं. झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, तेही आधीच धरून चाला.

आकडा गेलाच असेल तर

बंद पडलेलं डिजिटल मीटर म्हणजे पुसलेला आकडा नव्हे. रीडिंग आतल्या मेमरी चिपमध्ये असतं आणि ते वीज नसतानाही टिकतं. म्हणूनच बॅटरी बदलली तरी किलोमीटर जात नाहीत. कधी नुसता स्क्रीन मेलेला असतो. मीटरवाल्याकडं तसल्याच दुसऱ्या मीटरचा स्क्रीन तात्पुरता जोडून किंवा चिप वाचून आकडा बाहेर काढता येतो. हा प्रयत्न आधी करून घ्या.

तेही जमलं नाही तर कागद शोधा. सर्व्हिसची जॉब कार्डं, कंपनीच्या ॲपमधली नोंद, ऑइल बदलल्यावर लावलेलं स्टिकर, पेट्रोलची डायरी. माझ्याकडं दोन जॉब कार्डं सापडली. १२ मार्चचं रीडिंग ३८,७४० आणि १४ ऑगस्टचं ४१,२६०. पाच महिन्यांत २,५२० किलोमीटर, म्हणजे महिन्याला ५०४. मीटर मेलं २० ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या नोंदीनंतर सव्वादोन महिन्यांना थोडे कमी, २.२ धरू. ५०४ गुणिले २.२ म्हणजे साधारण १,११०. बेरीज ४२,३७०.

या काळात कुठं लांबचा प्रवास झाला असेल तर तो वेगळा मिळवायचा. मीटर बंद असताना गाडी चालवलीत तेही दिवस धरायचे. आणि मग आकड्याआधी 'अंदाजे' हा शब्द लिहायचा, लाजायचं नाही. अंदाज आहे हे कागदावर असलं की तो प्रामाणिक आकडा ठरतो.

कोणतं मीटर घ्यायचं

इथं मी बराच वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं वाटतं.

पहिला पर्याय जुनंच दुरुस्त करण्याचा. काच फुटलीय, केस तुटलीय, स्क्रीन पुसट झालाय, एवढंच असेल तर नवं मीटर कशाला? बऱ्याच गाड्यांची नुसती काच किंवा बाहेरची केस मिळते. स्क्रीनवरची पोलरायझर फिल्म उन्हानं जळून काळी-निळी झाली असेल तर तीही बदलून मिळते. रीडिंगला धक्काच लागत नाही, त्यामुळे पुढची सगळी उठाठेव टळते.

दुसरा पर्याय कंपनीचं नवं मीटर. यात पार्ट नंबर सगळ्यात महत्त्वाचा. एकाच नावाच्या गाडीची बीएस फोर, बीएस सिक्स (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानकं), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय) असलेली, नसलेली अशी चार-चार मीटरं असतात आणि वरून सारखीच दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स लागू झालं, त्यानंतरच्या गाड्यांत मीटरचा आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाचा, आपसांत संवाद चालतो. चुकीचं मीटर लावलं की कपलर बसतो, दिवे लागतात, पण इंजिनचा इशारा देणारा दिवा तरी जात नाही, नाहीतर वेग तरी भलताच दाखवतो. जुन्या मीटरच्या पाठीवरचं लेबल घेऊन दुकानात जा, गाडीचं नाव सांगून पार्ट मागू नका.

तिसरा पर्याय भंगारातलं मीटर. स्वस्त पडतं, पण ते स्वतःचा आकडा घेऊन येतं. मला एक मिळत होतं त्यावर ६१,२०४ होते. म्हणजे माझी गाडी एका रात्रीत १८,८३४ किलोमीटरनं म्हातारी झाली असती. शिवाय ते कुठल्या गाडीचं, कसं सुटलं, याचं बिल कुणी देत नाही. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या हँडलवर मिरवायची वेळ येऊ नये. मी नाही म्हटलं.

आकडा लावणं: काट्याचं मीटर

नव्या मीटरवर शून्य असतो आणि आकडे लावायचं काम मीटर गाडीवर चढवण्याआधीच करून घ्यायचं. प्लॅस्टिकच्या कन्सोलला मागून स्क्रू असतात. जुन्या गोल मीटरच्या कडेनं पत्र्याची रिंग दुमडलेली असते, ती हळूहळू उचलावी लागते. घाई केली की काच तडकते.

आत आकड्यांची चाकं एका दांडीवर ओळीनं बसलेली दिसतात आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी बारीक दातेरी चाकं असतात. कारागीर दांडी किंचित सरकवून ती दाती मोकळी करतो, एकेक आकडा फिरवून जागेवर आणतो आणि दांडी परत बसवतो. बघायला सोपं आहे. तरी घरी करू नका असंच मी सांगेन, कारण वेगाचा काटा ज्या केसासारख्या स्प्रिंगवर तोललेला असतो तिला बोट लागलं की शून्याची जागा हलते आणि मग वेग कायमचा खोटा. काटा उपटून काढणारा कारागीर दिसला तर मीटर उचला आणि पुढच्या दुकानात जा.

सगळे आकडे एका सरळ रेषेत आलेत का बघा. एखादा अर्धवट तिरका राहिला तर नवावरून शून्यावर जाताना सगळी रांग अडकते आणि गियर तुटते. म्हणून काम झाल्यावर ड्रिलनं केबलच्या जागी मीटर फिरवून दोन किलोमीटर पुढं नेऊन दाखवायला सांगा. काटा ६० वर ठेवला तर दोन मिनिटं लागतात.

ड्रिलवरून आठवलं. 'काही उघडायला नको, ड्रिल लावून आकडा वाढवून घ्या' असा सल्ला मला एकानं दिला होता. हिशेब केला. ताशी ६० च्या वेगानं ४२,३७० किलोमीटर व्हायला ७०६ तास लागतात. जवळजवळ महिनाभर ड्रिल हातात धरून बसा.

आकडा लावणं: डिजिटल मीटर

पहिली फेरी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच मारा. नवं मीटर बसवताना जुनं रीडिंग त्यांच्या डायग्नॉस्टिक यंत्रानं भरता येतं का, हे मीटर बसवायच्या आधी विचारा. काही गाड्यांत नव्या मीटरला आकडा फक्त एकदाच भरता येतो, थोडी धाव झाली की ती सोय बंद होते. काहींत रीडिंगची प्रत ईसीयूतही असते आणि मीटर तिच्याशी जुळवून घेतं. काहींत काहीच करता येत नाही, मीटर शून्यापासूनच सुरू होतं. उत्तर काहीही असो, ते जॉब कार्डावर लिहून घ्या.

वर्कशॉपनं हात वर केले तर मीटर दुरुस्तीवाला. त्याच्याकडं दोन वाटा असतात. एक, लॅपटॉपवरून चिपमध्ये हवा तो आकडा लिहिणं. दुसरी, जुन्या मीटरच्या बोर्डावरची चिप उचलून नव्या बोर्डावर बसवणं. दोन्ही मीटरचा पार्ट नंबर तंतोतंत सारखा असेल तर मी दुसरी वाट धरेन आणि तीच धरली. मसुराच्या दाण्याएवढी, आठ पायांची काळी चिप. त्यानं गरम हवेच्या गननं ती सैल केली, चिमट्यानं उचलली, नव्या बोर्डावर ठेवून पाय डागले. चिपवरची खूण कोणत्या कोपऱ्यात येते ते दोनदा पाहिलं. बारा व्होल्ट जोडल्यावर नव्या काचेमागं आकडा उमटला: ४२,३१८. माझा अंदाज ५२ किलोमीटरनं चुकला होता. चिप जिवंत होती. आधी वाचून घेतली असती तर गणिताची वही उघडावीच लागली नसती.

चिप हलवण्याचा मोठा फायदा हाच की आकडा कुणी टाइप केलेला नसतो, तो गाडीचा स्वतःचा असतो. मात्र नव्या मीटरची वॉरंटी तिथंच संपते, हे मनाशी ठरवून जा. आणि आरसी किंवा विम्याचे मूळ कागद दुकानात ठेवून येऊ नका. पडताळणीसाठी मोबाइलवर दाखवले तरी पुरे.

बसवताना

हे काम अर्ध्या तासाचं आहे. बॅटरीची ऋण वायर सोडा, हेडलाइटचा वायझर उतरवा, कपलर आणि केबल सोडा, मागचे दोन-तीन नट सहसा दहाच्या पान्याचे असतात. कपलर ओढताना वायर धरून ओढू नका, कुलूप दाबून कपलरच धरा. नटांखालचे रबरी बुश जागेवर गेलेत ना बघा, ते राहिले तर नवं मीटर खड्ड्यांनी महिन्याभरात खिळखिळं होतं. केबल असेल तर तिला ग्रीस लावा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठं ताणली जात नाही ना पाहा. मग न्यूट्रल, इंडिकेटर, अपर (हेडलाइटचा वरचा झोत), पेट्रोलचा काटा, सगळं एकदा चालवून बघा. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढं गेल्यावरच विझतो, उभ्या गाडीवर तो लागलेला दिसला म्हणून घाबरू नका.

नवं मीटर खरं मोजतंय का

आकडा बरोबर लावला पण मोजणीच चुकत असेल तर काय उपयोग? ही तपासणी सहसा कुणी करत नाही.

महामार्गावरचे किलोमीटरचे दगड हे फुकटचं साधन. ट्रिप शून्य करा आणि सलग दहा दगड मोजा. जिथं रस्ता नव्यानं वळवलाय, बायपास झालाय, तिथले दगड घेऊ नका. सोबत मोबाइलवर जीपीएसचं ॲप चालू ठेवा. दहा किलोमीटरला मीटर ९.८ ते १०.२ दाखवत असेल तर मी समाधानी असतो. १०.६ आलं तर मीटर सहा टक्के जास्त मोजतंय. अशा वेळी पार्ट नंबर चुकलाय का, वर्म दुसऱ्या गाडीचा घातलाय का, टायर वेगळ्या मापाचा आहे का, या क्रमानं बघा.

टायरचा संशय असेल तर खडूनं निकाल लागतो. पुढच्या टायरमध्ये हवा बरोबर भरा, तळाशी जिथं टायर जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ ओढा. गाडीवर बसून कुणाला तरी सरळ ढकलायला सांगा, टायरवरची रेघ पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा. १७-१८ इंची चाकाच्या साध्या गाड्यांवर हे साधारण १८०-१९० सेंटिमीटर भरतं. मूळ मापाच्या टायरवाली तशीच गाडी शेजारी असेल तर तिचंही मोजा आणि ताडून बघा.

वेगाचा काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवतो, तो दोष नाही. कंपन्या तो मुद्दाम तसा ठेवतात, कमी दाखवणं धोक्याचं म्हणून. किलोमीटर मात्र बरोबरच पडायला हवेत.

कागद

आरसीवर किलोमीटर नसतात, त्यामुळे मीटर बदललं म्हणून आरसीत काही बदल करून घ्यावा लागत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११७ वेगदर्शक चालू स्थितीत असावा असं सांगतो, तेवढं पाळा. आकडा लपवून किंवा कमी करून गाडी विकणं ही मात्र फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती जाऊ शकते.

म्हणून बिलावर 'मीटर रिपेअर' एवढंच लिहून घेऊ नका. माझ्या बिलावर मी हे लिहून घेतलं: गाडी क्रमांक, तारीख, 'जुनं मीटर पाण्यानं खराब, नवं मीटर बसवलं, जुन्या मीटरची मेमरी चिप नव्यात बसवली, रीडिंग आधी ४२,३१८, नंतर ४२,३१८', नव्या मीटरचा पार्ट नंबर, शिक्का. दुकानदार कुरकुरला, पण लिहिलं. तेच सर्व्हिस बुकात माझ्या हातानं, आणि पुढच्या सर्व्हिसला वर्कशॉपच्या नोंदीतही. गाडी वॉरंटीत असेल तर ही शेवटची नोंद विसरू नका. 'इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' या वाक्यातले किलोमीटर त्यांना कळलेच पाहिजेत.

मीटर बंद असताना मी गाडी नऊ दिवस घर ते ऑफिस चालवली होती. ते साधारण १५० किलोमीटर चिपमध्ये नाहीत. तेही पेननं लिहून ठेवलेत.

मीटर शून्यावरच राहिलं तर

काही गाड्यांत काहीच जमत नाही. तेव्हा आकड्याच्या मागं लागून मीटर फोडत बसू नका, फरक लिहून ठेवा. अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानं हीच सोय केलीय: दुरुस्तीनंतर जुना आकडा लावता येत नसेल तर ओडोमीटर शून्य करायचा आणि आधीचे मैल व तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या डाव्या दाराच्या चौकटीला चिकटवायची. आपल्या दुचाकीला दार नाही, पण सीटखाली जागा आहे. कायमच्या मार्करनं लिहा, वरून पारदर्शक टेप लावा: 'मीटर बदललं दि. अमुक. जुनं रीडिंग ४२,३७०. एकूण म्हणजे मीटर अधिक ४२,३७०.' भंगारातलं मीटर असेल तर वजा करायचा आकडा लिहा, वर सांगितलेल्या उदाहरणात 'मीटर वजा १८,८३४'.

सर्व्हिसचे हिशेबही या फरकानं करा. ऑइल ४४,५०० ला बदलायचं असेल तर नव्या मीटरवर ते २,१३० ला येतं. हा आकडा टाकीच्या कडेला छोट्या स्टिकरवर लिहिलेला बरा, कारण सर्व्हिसची आठवण देणारं मीटरमधलं पान्याचं चिन्ह आता नव्या गाडीच्या वेळापत्रकानं लुकलुकत राहणार.

गाडी विकताना ही सीटखालची चिठ्ठी गिऱ्हाइकाला आपण होऊन दाखवा आणि विक्रीच्या करारात 'मीटर बदललेलं आहे, एकूण रीडिंग अंदाजे इतकं' हे एक वाक्य घालून दोघांच्या सह्या घ्या. जुनं मीटर फेकू नका, व्यवहार झाला की बिलासोबत तेही त्याच्या हाती द्या. माझं सध्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे, चिपच्या जागी आठ चकचकीत ठिपके उरलेलं.